खाजेची ट्यूब मागण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत पावसाळ्यातल्या खाजेवर घरगुती उपाय छापून आले होते. लिंबाचा रस चोळा, लसणाचा लेप द्या, खाण्याचा सोडा कालवून लावा आणि एवढं करूनही थांबली नाही तर मेडिकलमधून एखादं मलम आणा, असं त्यात होतं. हे पत्र त्या ‘एखादं मलम’ या दोन शब्दांसाठी आहे. वागळे इस्टेटला आमचं औषधांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. आता काउंटरवर मी असते. फार्मसी शिकलेली आहे, डॉक्टर नाही, आणि डॉक्टरांची जागा घ्यायची माझी इच्छाही नाही. पण खाजेचा माणूस डॉक्टरकडे पोचायच्या कितीतरी आधी माझ्यासमोर येऊन उभा राहतो.

जूनपासून ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत त्यांची रीघ असते. कारखान्यातले कामगार, गोदामात माल उतरवणारी मुलं, बारा तास बूट घालून उभे राहणारे वॉचमन, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावश्या. पुरुष असेल तर आधी आजूबाजूला बघतो, दुकानात बायका असतील तर बाजूला थांबतो आणि गर्दी सरली की हळूच म्हणतो, “मॅडम, ती खाजेची ट्यूब द्या ना.” कोणती म्हणून विचारलं तर, “ती हो, रूममधल्या पोराने नेली होती ती. एका रात्रीत थांबते.” कुठे खाजतंय, किती दिवस, घरात आणखी कोणाला आहे का, हे मी विचारायला लागले की बरेच जण चिडतात. ट्यूब मागितली, चौकशी कशाला? माझं म्हणणं एवढंच आहे की ती चौकशी हाच उपचाराचा निम्मा भाग आहे. खाज दहा कारणांनी होते आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरतं.

खाज होते कशी, हे थोडं सांगते. कातडीच्या अगदी वरच्या थरापर्यंत बारीक मज्जातंतू आलेले असतात. खाजेचा संदेश त्यांतल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या तंतूंमधून जातो, सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. डास चावला किंवा अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की कातडीतल्या काही पेशी हिस्टामीन सोडतात आणि ते या तंतूंना चेतवतं. ॲलर्जीची गोळी म्हणजे सेटिरिझिनसारखी औषधं नेमकी हिस्टामीनला अडवतात, म्हणून गांधी उठल्या असतील तर ती गोळी छान लागू पडते. पण खाज सुटायला हिस्टामीनच लागतं असं नाही. इसब, कोरडी कातडी, मूत्रपिंडाचा आजार, कावीळ यांतली खाज बहुतांशी दुसऱ्याच रसायनांमुळे आणि दुसऱ्याच वाटेने येते. तिथे ती गोळी घेऊन झोप लागते, खाज जात नाही.

याचं आमच्या ठाण्यातलं उदाहरण खाजकुयलीचं. हिवाळ्यात येऊरच्या जंगलात फिरून आलेली कॉलेजची मुलं अधूनमधून दुकानात येतात, हात लालभडक झालेले, डोळ्यांत पाणी. वाटेकडेच्या वेलीवरच्या शेंगेला हात लागलेला असतो. त्या शेंगेवरची कुसं उजेडात धरून बघितली तर सोनेरी तांबूस दिसतात, मखमलीसारखी. त्यांत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं आणि ते थेट मज्जातंतूंना छेडतं, हिस्टामीनचा तिथे फारसा संबंधच नसतो. अशा वेळी मी गोळी देत नाही. पार्सल बांधायची चिकटपट्टी घेते, हातावर हलकेच टेकवते आणि सरळ वर उचलते. पट्टी उजेडात धरली की कुसं दिसतात. दर वेळी नवी पट्टी घेत असं करत राहायचं, मग वाहत्या पाण्याने धुवायचं आणि कपडे बदलायचे. चोळलं की कुसं आणखी आत रुततात, आणि मुलं नेमकी चोळत चोळतच आलेली असतात. सुरण किंवा अळू चिरताना हात खाजतो त्याचं कारण पुन्हा निराळं. तिथे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचत असतात, म्हणून आपल्या आया हाताला तेल लावून सुरण चिरायला घेत.

खाजवल्यावर बरं वाटतं, त्यालाही कारण आहे. नखाने ओरखडलं की थोडी वेदना होते आणि ती वेदना खाजेच्या संदेशाला मज्जारज्जूतच अडवते. पण तेवढ्यात कातडीला इजा झालेली असते, तिथे दाह होतो आणि खाज दुप्पट जोराने परत येते. हे महिनोन्‌महिने चाललं की कातडी जाड, काळपट होते, तिच्यावर ठळक रेघा उमटतात. घोट्यापाशी, मानेच्या मागे, कोपरावर असे चट्टे घेऊन फिरणारी माणसं मी रोज बघते. म्हणून “खाजवू नका” एवढंच सांगून भागत नाही, हाताला दुसरं काम द्यावं लागतं. गार पाण्यात पिळलेला सुती फडका त्या जागी पाच-दहा मिनिटं दाबून ठेवायचा. थंडाव्याने खाजेचा संदेश मंदावतो. नखं कापलेली हवीत. लहान मुलांना रात्री सुती मोजे हातात घालून निजवलं तरी कातडी वाचते.

आता त्या ट्यूबकडे येते. लोक जी मागतात तिच्यात बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एखाद-दोन जंतूंवरची आणि क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टेरॉइडांमधलं सर्वांत जहाल. एका रात्रीत जो फरक पडतो तो या स्टेरॉइडमुळे, कारण ते दाह दाबून टाकतं. लाली उतरते, खाज थांबते, माणूस खूश होतो. आणि खाज जर गजकर्णाची असेल, म्हणजे बुरशीची, तर शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे बुरशीला मोकळं रान मिळतं.

मोटारसायकलवरून घरोघर सामान पोचवणारा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात यायचा. त्याने अशीच एक ट्यूब कुठून तरी घेऊन कितीतरी महिने लावली होती. गजकर्णाचा चट्टा एरवी ओळखायला सोपा असतो. गोल, कडा लाल आणि उठलेली, मधला भाग त्यामानाने साफ. याच्या पोटावर चट्ट्याला कडाच राहिली नव्हती. एकात एक वर्तुळं, मधेच पुटकुळ्या, मधेच काळे डाग, आणि चट्टा कमरेवरून पाठीवर सरकलेला. जांघेत काय झालंय ते त्याने नुसतं सांगितलं. कातडी पातळ झाली होती आणि जांभळट पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. या भेगा पुढे फिकट होतात पण जात नाहीत. जांघेतली कातडी नाजूक असते, घामाने कायम भिजलेली असते, तिथे औषध फार शोषलं जातं. हाताच्या कातडीच्या तुलनेत अंडकोशाच्या कातडीतून स्टेरॉइड सुमारे ४० पट जास्त आत जातं, असं मोजून दाखवलेलं आहे. आणि लोक ही ट्यूब नेमकी तिथेच लावतात. बायका ती वांगावर, चेहरा उजळायला लावतात, तो आणखी वेगळा अनर्थ.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. त्याआधी बाहेरून लावायची म्हणून त्यांना सूट होती. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. कायदा चांगला आहे, पण काउंटरवर काय होतं ते मी सांगते. मी चिठ्ठी मागते, गिऱ्हाईक पाठ फिरवतं आणि थोड्या वेळाने तीच ट्यूब हातात घेऊन आमच्याच दुकानासमोरून जातं. माझ्या व्यवसायातल्या भावांना आणि बहिणींना माझी कळकळीची विनंती आहे की ही एक ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नका. तिच्यावर सुटणारे पैसे फार नाहीत आणि तिने बिघडलेलं गजकर्ण बरं करायला त्या पोराचे महिने जातात आणि पगार जातो.

गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण पूर्वीसारखं चार आठवड्यांत बरं होईनासं झालं आहे, हे कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. बुरशीचा एक प्रकार सध्या फार पसरला आहे, टर्बिनाफिन हे हुकमी औषधही त्यावर बऱ्याचदा चालत नाही. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्याला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिये’ असं नाव दिलं. त्यांनी तपासलेले नमुने भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे होते. अमेरिकेत न्यूयॉर्कलाही तो सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. स्टेरॉइड मिसळलेली मलमं सर्रास लावणं आणि औषध अर्ध्यावर सोडणं यांनी या बुरशीला हातभार लावला, असं तज्ज्ञ सांगतात. जांघेतल्या खाजेची लाज वाटून लपूनछपून घेतलेली ट्यूब अशी सगळ्या गावाला महाग पडते.

गजकर्ण असेल तर डॉक्टर जे साधं बुरशीचं मलम देतील ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. गोळ्या दिल्या असतील तर त्या डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवायच्या. घरात ज्याला ज्याला असेल त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आणि कपडे! जुलैमध्ये किसननगरच्या किंवा लोकमान्यनगरच्या दहा बाय दहाच्या खोलीत कपडे वाळत नाहीत हे मला पुरतं ठाऊक आहे. दोरी खोलीतच, तिच्याखाली स्वयंपाक, वर एक पंखा. सकाळी ओलसर चड्डी तशीच घालून, वर जाड जीन्स चढवून माणूस कामाला जातो आणि पावसात भिजून परत येतो. बुरशीला याहून चांगलं काय हवं? तेव्हा निदान आतल्या कपड्यांवर उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवा, शिवणींवर आणि इलॅस्टिकवर जरा जास्त. जीन्सऐवजी सैल सुती पँट घाला. आंघोळीनंतर जांघा आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या टिपून मगच कपडे. चिखल्यांनाही हेच. इथल्या कारखानदारांना सांगावंसं वाटतं, गणवेश सुती द्या आणि दोन जोड द्या.

घरात आणखी कोणाला खाजतंय, हा प्रश्न मी सोडत नाही, कारण त्यातून खरूज सापडते. एक मावशी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटत होतं, उन्हाळ्यातलं घामोळंच अजून गेलेलं नाही. मुलगा रात्रभर खाजवतो, दिवसा त्यामानाने बरा असतो. मी त्याचा हात उलटा करून बोटं फाकवली. बेचक्यांत बारीक पुटकुळ्या आणि केसाएवढ्या बारीक, राखाडी, वाकड्या रेघा. मनगटावर आणि बेंबीभोवतीही तसंच. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे घरातला जो आज खाजवत नाही त्यालाही किडा लागलेला असू शकतो. मावशींचा चेहरा एकदम उतरला. “आम्ही रोज आंघोळ करतो हो ताई,” म्हणाल्या. खरजेचा आंघोळीशी संबंध नाही. दाटीवाटीने राहणं, एकाच अंथरुणावर झोपणं, वसतिगृह, यांतून ती पसरते, आणि कोणालाही होते. जगात कोणत्याही वेळी २० कोटींहून जास्त लोकांना ती असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१७ मध्ये संघटनेने तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित हे अगदी खरं.

खरजेचं औषध जुनं, स्वस्त आणि चांगलं आहे, लावायची पद्धत मात्र चुकते. परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावायचं. खाजतं तेवढ्याच जागी लावून काहीही होत नाही. बेचक्या, काखा, बेंबी, जांघा, नखांच्या खाली, काही सोडायचं नाही. आठ ते चौदा तासांनी आंघोळ. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. आठवड्याने हेच परत करायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांचं डॉक्टरांना विचारून, त्यांच्यासाठी गंधकाचं मलमही असतं. दुसऱ्या दिवशी चादरी, टॉवेल, अंगावरचे कपडे कडकडीत गरम पाण्यात धुवायचे. गोधड्या धुता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायच्या, माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांहून फार जगत नाही. आणि इतकं केल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत असतात म्हणून. हे कोणी सांगत नाही, मग लोक घाबरून पुन्हा पुन्हा मलम चोळतात आणि कातडी भाजून घेतात. त्या मावशींचं घर डॉक्टरांकडे जाऊन आलं. सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावलं, शेजारच्या खोलीतल्या पुतण्यासकट.

म्हाताऱ्या माणसांची खाज पुन्हा निराळी. वय वाढलं की कातडीतलं तेल कमी होतं. पांचपाखाडीहून एक आजोबा नातीबरोबर येत, दोन्ही नडग्या सुकलेल्या, भेगाळलेल्या चिखलासारख्या. मळ निघत नाही म्हणून कडकडीत पाणी, त्यात जंतुनाशकाचं टोपणभर आणि वरून जंतुनाशक साबण, दिवसातून दोनदा. कातडी थोडी आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण पाचच्या आसपास. वडीच्या साबणाचा नऊ-दहा, म्हणजे अगदी उलट, अल्कधर्मी. कडक पाणी आणि साबण मिळून कातडीतला स्निग्धांश धुऊन नेतात, मग ती ओलावा धरून ठेवत नाही. आजोबांना मी औषध दिलंच नाही. कोमट पाणी, आंघोळ एकदाच आणि झटपट, साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायांना. अंग टिपून, थोडं ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं पेट्रोलियम जेली. ओल्या अंगावर लावलं तर पाणी आत कोंडलं जातं, कोरड्यावर लावून तेवढा उपयोग नाही. सुगंधी लोशन नको. आजोबांची खाज महिन्याभरात पुष्कळ कमी झाली, मुख्य म्हणजे ते रात्री झोपू लागले.

टँकरच्या पाण्याला घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये फार शिव्या बसतात. सगळ्या खाजेचं खापर त्याच्यावर फोडणं बरोबर नाही. पण बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबण फेसत नाही म्हणून जास्त लावला जातो आणि नीट निघतही नाही, तो कातडीवर राहतो. मुलांच्या इसबाला जड पाण्याने त्रास वाढतो असंही आढळलेलं आहे. तेव्हा अशा घरांत साबण कमी आणि शेवटचा तांब्या शक्यतो पालिकेच्या पाण्याचा, एवढं करता येतं.

आता जे सर्वांत महत्त्वाचं आहे आणि पुरवणीत ज्याचा एक शब्दही नव्हता. एका संध्याकाळी आठवा महिना सरत आलेली एक मुलगी सासूबाईंबरोबर दुकानात आली. खाजेवर काहीतरी लोशन हवं होतं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, बाळाला जावळ भरपूर असणार, म्हणून खाजतंय. पोट ताणल्याने खाज येते आणि ती बहुतेक वेळा काळजीची नसते. पण ही पोट खाजवत नव्हती. बोलताना दोन्ही तळहात एकमेकांवर घासत होती, चपलेतून पाय काढून तळवा दुसऱ्या पायाच्या नडगीवर घासत होती. अंगावर पुरळ एकही नाही. रात्री जास्त होतं, झोप नाही, असं तिने सांगितलं. मी लोशन दिलं नाही. आत्ताच्या आत्ता तुमच्या डॉक्टरांना फोन करा, म्हटलं, आणि ‘तळहात-तळपाय’ हे दोन शब्द आठवणीने सांगा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही बायकांच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही आणि रक्तात पित्ताम्लं वाढतात. ती फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. तिच्या रक्तात ती वाढलेलीच निघाली. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, लक्ष ठेवलं आणि दिवस भरायच्या थोडं आधी बाळंतपण केलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पत्र लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी तीच येते आहे, कारण त्या संध्याकाळी काउंटरवर कोणी गुलाबी लोशनची बाटली देऊन मोकळं झालं असतं.

एरवीही अंगावर काही दिसत नसताना सगळं अंग खाजत असेल आणि सहा आठवडे उलटून गेले असतील तर मलम शोधू नका, रक्त तपासा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोह, साखर. डायलिसिसवरच्या पुष्कळ रुग्णांना खाजेचा छळ सोसावा लागतो. डोळे पिवळे दिसत असतील, लघवी गडद होत असेल, वजन उतरत असेल, रात्री कपडे भिजतील इतका घाम येत असेल किंवा मानेत-काखेत गाठ लागत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. नवीन सुरू झालेल्या एखाद्या गोळीनेही खाज येते, म्हणून चालू औषधांची पाकिटं बरोबर न्या. आणि अंगावर गांधी उठून ओठ, डोळे सुजले, आवाज बसला, श्वास लागला, तर घरी आमसूल शोधत बसू नका, सरळ रुग्णालय.

घरगुती उपायांची मी शत्रू नाही. आमच्या घरीही गांधी उठल्या की आमसुलाचं गार पाणी लावतात. अंग गार होतं, नुकसान काही नाही. कॅलामाइनचं गुलाबी लोशन घामोळ्याला आणि डासाच्या चाव्याला चांगलं. खोबरेल तर उत्तमच. पण लिंबू चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, लिंबातल्या घटकांची उन्हाशी तशी क्रियाच होते. वाटलेला लसूण बांधून फोड आलेली माणसं आम्ही पाहतो. सोडा अल्कधर्मी, तो आधीच सुकलेल्या कातडीला आणखी सुकवतो. ॲलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांबद्दलही एक सांगते. रिक्षा किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याने त्या घेऊन गाडीवर बसू नये. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची त्यांनी लघवी अडू शकते, आणि रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती असते ती वेगळीच.

आपल्याला दोन गोष्टींची विनंती करते. येत्या पुरवणीत गरोदर बाईच्या तळहात-तळपायांच्या खाजेबद्दल एक चौकट छापा, एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून लिहून घेऊन, ठळक अक्षरांत. आणि उपायांच्या मजकुरात ‘मेडिकलमधून मलम आणा’ असं लिहायच्या जागी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातल्या त्वचारोग विभागाचे वार आणि केसपेपर काढायच्या वेळा द्या. खाजगी त्वचारोगतज्ज्ञांची फी आमच्या भागातल्या बहुतेकांना परवडत नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात. त्या वेळा छापून आल्या की मी कात्रण काउंटरच्या काचेवर चिकटवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक औषधविक्रेती
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)